ब्लूबेरीची झाडं, बाबांचं शेणखत आणि गराजची भिंत

पत्र थोडक्यात: न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास राहणारी एक वाचक लिहिते की पाच वर्षांपूर्वी तिने घराभोवती ब्लूबेरीची चार झाडं लावली, दोन ड्यूक आणि दोन ब्लूक्रॉप. दोन गराजच्या भिंतीला लागून आहेत आणि दोन मागच्या कुंपणाजवळ पाइनच्या झाडाखाली. तिसऱ्या वर्षी छान फळं आली. मग तासगावहून तिचे बाबा आले, ३० वर्षं द्राक्षबाग केलेले, आणि गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी चारही झाडांना कुजवलेलं शेणखत आणि फायरप्लेसमधली राख घातली. जूनमध्ये जेमतेम मूठभर फळं निघाली आणि उन्हाळ्यात भिंतीजवळच्या दोन झाडांची पानं पिवळी पडली. घरात सगळे म्हणतात बाबांनी झाडं जाळली. आता १५ एप्रिलच्या सुमारास बाबा पुन्हा येतायत आणि फोनवर त्यांनी सांगूनही टाकलंय की या वेळी खरड छाटणी, म्हणजे काड्या अगदी मागे कापणं, करू, फुटवे जोरात येतील. नवरा म्हणतो उपटून टाका, तिथे शेड बसवू. ती विचारते की झाडं ठेवू की काढू, ठेवली तर या वसंतात नेमकं काय करू, आणि बाबांना न दुखवता कसं थांबवू. पत्राच्या शेवटी जाता जाता दोन गोष्टी लिहिल्यात: लॉनवाला दर वर्षी समोरच्या गवतावर पांढरे दाणे टाकतो, आणि नवरा दर ऑक्टोबरला हेज ट्रिमरने झाडं चौकोनी कापून देतो, गेल्या ऑक्टोबरला मात्र ट्रिमर बिघडला होता म्हणून राहिलं.

पत्रात तू मला मावशी म्हटलंस, त्यामुळे मीही अगं-तुगंच करते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तू शेवटी जाता जाता जे लिहिलंयस ना, लॉनवाला आणि ट्रिमर, तेच खरं पत्र आहे. बाकी सगळ्या पत्रात बाबा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहेत. म्हणून खतपाण्याकडे वळायच्या आधी आपण दोघी जरा नीट बघूया की गेल्या वर्षी नक्की काय झालं, कारण चुकीच्या माणसाला दोष दिला की उपायही चुकीचाच होतो आणि झाड तसंच मरत राहतं.

आधी फळं का आली नाहीत ते. ब्लूबेरीचा फुलाचा डोळा, म्हणजे ज्यातून फुलं फुटतात तो कोंब, आदल्या वर्षी तयार होतो, उन्हाळ्याच्या शेवटी आणि पानगळीच्या आधी, त्या वर्षी वाढलेल्या काडीच्या शेंड्याला. म्हणजे गेल्या जूनमध्ये जी फळं यायची होती त्यांचे डोळे त्याच्या आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच शेंड्यांवर बसले होते, बाबा तेव्हा तासगावातच होते. आणि मग ऑक्टोबरमध्ये हेज ट्रिमर फिरला, चारही झाडांचे शेंडे छान सरळ रेषेत कापले गेले आणि त्याबरोबर जवळजवळ सगळे फुलाचे डोळे कचऱ्याच्या पिशवीत गेले. बाबांनी एप्रिलमध्ये शेणखताची पिशवी फोडली तेव्हा त्या वर्षीच्या फळांचा हिशोब कधीच संपला होता. तू म्हणशील मग तिसऱ्या वर्षी कशी आली, तर बहुतेक तेव्हा झाडं लहान होती, ट्रिमरच्या उंचीला पोचलीच नसतील. हे नवऱ्याला टोचून सांगू नकोस गं, त्याने प्रेमानेच केलं होतं आणि बाकीच्या झुडपांना तसं चालतंही, पण सांग नक्की, कारण यंदाचा ऑक्टोबर येणारच आहे.

आता पिवळी पानं. तू लिहिलंयस की खत आणि राख चारही झाडांना घातली, सारखीच. मग पिवळी दोनच का पडली? भिंतीजवळची. कुंपणाजवळची दोन, जिथे पाइनच्या सुया पडतात, ती हिरवी राहिली. म्हणजे या दोघांत काहीतरी वेगळं आहे आणि ते शेणखत नाही. काँक्रीटच्या पायातून वर्षानुवर्षं चुना झिरपत असतो, पावसाचं पाणी भिंतीवरून उतरतं आणि मातीत मुरतं, त्यात बांधकामाच्या वेळी पडलेला सिमेंट-प्लास्टरचा राडारोडाही बरेचदा तिथेच पुरलेला असतो. वर समोरच्या लॉनवरचे ते पांढरे दाणे. मी पैजेवर सांगत नाही, पण आपल्या भागात लॉनवर दर वर्षी टाकायचे पांढरे दाणे बहुतेक वेळा चुनाच असतो, कारण इथली माती मुळात आंबट आणि गवताला ती गोडसर हवी असते. गवतासाठी बरोबर आहे ते. पण ते दाणे पसरवणारं यंत्र काही कडेचं झाड बघून थांबत नाही.

बाबांकडून काहीच चूक झाली नाही असं नाही हं म्हणत मी. लाकडाची राख म्हणजे जवळजवळ चुनाच समज, आणि ब्लूबेरीला ती कधीच घालायची नसते. शेणखतात क्षार असतात आणि त्याने मातीचा पीएचही (आंबटपणाचा आकडा, तो जितका कमी तितकी माती आंबट) बरेचदा वर जातो, तेही या झाडाला मानवत नाही. पण भिंतीने आधीच काठावर आणून ठेवलेल्या झाडांना तो शेवटचा धक्का होता, सुरुवात तिथून नव्हती.

माझीही पहिली तीन झाडं गेली, पंधरा-सोळा वर्षं झाली त्याला. मी ती भाजीच्या वाफ्यात लावली होती, टोमॅटो-मेथीसाठी कंपोस्ट आणि चुना घालून तयार केलेल्या काळ्याभोर मातीत, म्हटलं एवढी सुंदर माती आहे, अजून काय पाहिजे. दोन वर्षांत पिवळी पडून वाळली आणि मी प्रत्येक वेळी पिवळं पान दिसलं की आणखी खत घालत होते. तेव्हा मला कोणी हे सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून आता जरा लांबण लावून सांगते.

हे झाड मूळचं इथलंच, आपल्या न्यू जर्सीच्या दक्षिणेला ते जे पाइन बॅरन्स आहेत ना, वाळूची, भुकेली, आंबट जमीन, खाली पाणी आणि वर पाइनच्या सुयांचा थर, तिथलं. १९१०च्या आधी सगळे समजायचे की रानटी ब्लूबेरी लावून येतच नाही, रानातूनच वेचायची. मग सरकारी कृषी खात्यातला फ्रेडरिक कोव्हिल नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ होता, त्याने बरीच वर्षं कुंड्यांमध्ये लावून बघून १९१० साली लिहून ठेवलं की हे झाड बागेतल्या सुपीक मातीत नीट वाढत नाही, भरपूर शेणखत घातलेल्या मातीत वाढत नाही आणि चुना घातलेल्या मातीत तर नाहीच, याला आंबटच माती लागते. एलिझाबेथ व्हाइट नावाच्या बाईंनी ते वाचलं. त्यांच्या वडिलांची व्हाइट्सबॉगला क्रॅनबेरीची मोठी शेती होती आणि त्या लहानपणापासून वडिलांबरोबर शेतावर जायच्या. १९११ मध्ये त्यांनी कोव्हिलला पत्र लिहिलं की आमच्या जमिनीवर येऊन प्रयोग करा. मग आसपासच्या रानात हिंडणाऱ्या माणसांना पैसे देऊन सर्वात मोठ्या फळांची झुडपं शोधून आणवली, आणि ज्याने जे झुडूप आणलं त्याचं नाव त्याला दिलं, रूबेल नावाची जात अजून विकत मिळते ती रूब लीक नावाच्या माणसाच्या झुडपाची. १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. आज जगभर हायबुश, म्हणजे उंच झुडपाच्या, ब्लूबेरीच्या ज्या बागा दिसतात त्यांची सुरुवात तुझ्या घरापासून गाडीने तासा-सव्वा तासावर झालेली आहे. ही गोष्ट बाबांना नक्की सांग, कुठे ते पुढे येतंच.

तर आंबट म्हणजे किती. पीएच ४.५ ते ५ च्या आसपास, फार तर ५.५. भाजीपाल्याची चांगली माती ६.५ ला असते. दोनचाच फरक वाटतो पण हा आकडा एकाने वाढला की आंबटपणा दहापट कमी होतो, म्हणजे दोनने वाढला की शंभरपट. ब्लूबेरीच्या मुळांना बाकीच्या झाडांसारखे बारीक केस नसतात, मुळं वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात आणि मुळांवर राहणाऱ्या एका बुरशीच्या मदतीने ती अन्न ओढतात. पीएच वर गेला की मातीत लोह असतं पण ते विरघळत नाही, झाडासमोर ताट वाढलेलं असतं आणि खाता येत नाही, म्हणून नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. तू फोटोत पाठवलंयस तेच. त्या पिवळ्या पानाला आणखी खत घातलं की क्षार वाढतात आणि मुळं भाजतात.

आणि आता मजा बघ, हे तुझ्या बाबांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे! सांगली-तासगावकडे चुनखडीच्या जमिनीत द्राक्षाची पानं अशीच पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहून, आणि तिथला बागायतदार ते बघून लगेच म्हणतो की लोह कमी पडतंय, जमीन चुनखडीची आहे. माती परीक्षण आणि पानदेठ परीक्षण केल्याशिवाय ते लोक खताचा डोस ठरवत नाहीत. बाबांनी गेल्या वर्षी इथे ते केलं नाही कारण त्यांना वाटलं हे परसातलं हौसेचं झाड आहे, आणि मुलीच्या घरी आल्यावर हातपाय हलवायला काहीतरी हवं होतं. तू त्यांना "काही घालू नका" असं सांगितलंस तर त्यांना एवढंच ऐकू येईल की तुम्हाला इथलं काही कळत नाही. त्याऐवजी मातीचा रिपोर्ट त्यांच्या हातात दे. तेच म्हणतील की राख बंद करा.

म्हणून पहिलं काम, याच आठवड्यात: माती तपासायला पाठव. रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षणाची लॅब आहे, काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसमधून माहिती मिळते. दोन वेगळे नमुने घे, एक भिंतीजवळचा आणि एक कुंपणाजवळचा, एकत्र करू नकोस, नाहीतर सरासरी निघेल आणि काहीच कळणार नाही. वरचं मल्च, म्हणजे मातीवर अंथरलेला सुया-सालींचा थर, बाजूला सारून सहा ते आठ इंच खोलवरची माती, प्रत्येक जागी चार-पाच ठिकाणची मिसळून. फॉर्मवर पीक म्हणून ब्लूबेरी लिहायला विसरू नकोस, कारण लॉन लिहिलंस तर ते तुला चुना टाकायचा सल्ला देतील.

रिपोर्ट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाहीये, कारण मार्च हाच या झाडाचा महत्त्वाचा महिना, डोळे फुगतायत पण अजून उघडले नाहीत.

भिंतीजवळच्या दोघांबद्दल माझं मत अगदी सरळ आहे, हलव त्यांना. तिथे सल्फर घालून पीएच उतरवता येतो, नाही असं नाही, पण भिंत चुना सोडायची थांबणार नाही आणि तू दर वर्षी तीच लढाई लढत बसशील. ब्लूबेरीची मुळं उथळ असल्याने हे झाड हलवायला तसं सोपं, आणि डोळे उघडायच्या आत हलवलं तर त्याला फारसं कळतही नाही. झाडाभोवती दीड-दोन फूट रुंद आणि फूटभर खोल असा गड्डा काढायचा, जमेल तेवढी जुनी माती हलकेच झाडून टाकायची, मुळं उन्हात ठेवायची नाहीत. कुंपणाजवळ ऊन असेल, दिवसाला सहा तास तरी, तर तिथे लाकडी फळ्यांचा उंच वाफा कर, सिमेंटच्या ब्लॉकचा नको. आत पाइन बार्कचा बारीक चुरा आणि पीट मॉस निम्मं निम्मं, थोडी तिथलीच माती. पीट मॉस आधी बादलीत चांगलं भिजव, कोरडं घातलंस तर ते पाणी धरतच नाही. दोन झाडांत चार-पाच फूट अंतर आणि झाड पूर्वी होतं तेवढंच खोल. वाफा जमत नसेल तर साधारण ६० लिटरच्या, खाली भोकं असलेल्या कुंड्या घे, तेच मिश्रण, फक्त उन्हाळ्यात रोज पाणी बघावं लागतं आणि हिवाळ्यात कुंडी आडोशाला सरकवून भोवती पाला भरावा लागतो.

हलवलेल्या झाडांचे फुलाचे डोळे यंदा खुडून टाकायचे. जीवावर येतं मला माहितीये, पण मुळं बसू दे आधी. नवीन लावलेल्या झाडांनाही पहिली दोन वर्षं हाच नियम, हे बाकीच्या वाचकांसाठी सांगते.

छाटणीचं आता, कारण इथेच बाबांशी खटका उडणार आहे. द्राक्षात एप्रिलमध्ये काडी एक-दोन डोळ्यांवर मागे खरडतात, नवीन काड्या फुटतात, त्यांच्यात घड तयार होतात आणि मग ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. वर्षाला दोन छाटण्या. ब्लूबेरीला एकच, आणि ती थंडी संपता संपता, म्हणजे आत्ता. एप्रिलमध्ये बाबा येईपर्यंत डोळे उघडून कळ्या लागलेल्या असतील, तेव्हा खरडलं तर यंदाचंही सगळं पीक जाईल. म्हणून छाटणी त्यांच्या येण्याआधी करायची, पण त्यांना वगळून करायची नाही. एखाद्या शनिवारी सकाळी ८ वाजता व्हॉट्सॲपवर व्हिडिओ लाव, इथे आता घड्याळं पुढे गेलीयत, तिकडे संध्याकाळचे साडेपाच असतील, बाबा मोकळे असतील. कॅमेरा काडीच्या शेंड्याजवळ ने आणि विचार, बाबा यातला फळाचा डोळा कुठला? शेंड्याकडचे टपोरे, गोल ते फुलाचे आणि खालचे बारीक, टोकदार, काडीला चिकटून बसलेले ते पानाचे. ज्या माणसाने आयुष्यभर काडी हातात धरून डोळ्यात घड आहे की नाही याचा अंदाज बांधलाय त्याला हा फरक फोनवरूनसुद्धा दिसेल, आणि एकदा त्यांनी टपोरा डोळा शेंड्याला बघितला की खरड छाटणी हा शब्द ते स्वतःच मागे घेतील. एका डोळ्यातून पाच ते दहा फुलं निघतात हेही सांग त्यांना, हिशोब आवडतो बागायतदाराला.

आता कापायचं काय: आधी मेलेलं आणि मोडलेलं. मग जमिनीलगत लोळणाऱ्या फांद्या आणि मधोमध एकमेकींना घासणाऱ्या. मग बुडापासून आलेल्या दांड्यांपैकी जो सर्वात जुना, करडा, साल सुटलेला असेल तो एखादा अगदी जमिनीपाशी कापायचा, म्हणजे खालून नवीन लालसर दांडा येतो. तुझी झाडं पाच वर्षांची आहेत, एका झाडामागे एखादाच दांडा, दोन फार झाले. कुंपणाजवळच्या दोघांना एवढंच. शेंडे सरसकट कापायचे नाहीत, कुणीही, कधीही. ट्रिमरने कापल्यामुळे वर जिथे झाडूसारखे बारीक बारीक फुटवे एकत्र आले असतील तिथले कमकुवत काढून दोन-तीन जाड ठेव. गेल्या ऑक्टोबरला ट्रिमर बिघडला होता म्हणजे यंदा शेंड्यांना डोळे असणार, आजच बाहेर जाऊन बघ, मला खात्री आहे दिसतील तुला!

खताकडे मुद्दाम उशिरा वळतेय. भिंतीजवळून हलवलेल्या झाडांना महिना-सव्वा महिना काहीच नाही. कुंपणाजवळच्यांना रिपोर्ट बघून, फुलं लागायच्या सुमारास अमोनियम सल्फेट, त्या पिशवीवर २१-०-० लिहिलेलं असतं. या झाडाला नत्र अमोनियमच्या रूपात आवडतं, नायट्रेटवालं खत आणि क्लोराइडवालं पोटॅश मानवत नाही. सर्वसाधारण हिशोब असा की पहिल्या वर्षी झाडामागे एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, मग दर वर्षी एक औंस वाढवत मोठ्या झाडाला जास्तीत जास्त ८ औंस, आणि तेही दोन हप्त्यांत, फुलाच्या वेळी आणि त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी. तुझ्या झाडांना गेल्या वर्षी शेणखत मिळालंय, तेव्हा यंदा निम्म्यावर भागव. बुंध्यापासून लांब, गोल रिंगणात पसरायचं आणि लगेच पाणी. जुलैनंतर अजिबात नाही, नाहीतर कोवळी वाढ होते आणि थंडीत करपते.

पीएच उतरवायला मूलद्रव्य सल्फर, म्हणजे साधं पिवळं गंधक. ते मातीतले जिवाणू हळूहळू आम्लात बदलतात आणि जिवाणूंना ऊब लागते, त्यामुळे आत्ता घातलं तर परिणाम पानगळीपर्यंत दिसेल, कधी वर्ष लागतं. किती घालायचं ते रिपोर्टवर येतं, अंदाजाने नको, कारण दक्षिणेच्या वाळूला जेवढं लागतं त्याच्या तिप्पट-चौपट आपल्या मिडलसेक्स काउंटीकडच्या लालसर चिकट मातीला लागतं, आणि उभ्या झाडाला एकदम जास्त दिलं तर मुळांना त्रास होतो, थोडं थोडं करत जायचं. ॲल्युमिनियम सल्फेट हायड्रेंजियासाठी ठेवलेलं दिसलं तर ते उचलू नकोस, ब्लूबेरीला त्यातलं ॲल्युमिनियम बाधतं. कॉफीचा चोथा तू नवऱ्याच्या ऑफिसमधून आणतेस असं लिहिलंयस, आणत राहा, कंपोस्टमध्ये घाल, पण कॉफी गाळताना आंबटपणा कपात उतरलेला असतो, चोथा जवळजवळ उदासीन असतो. व्हिनेगरचं पाणी दोन दिवस काम करतं आणि संपतं.

मल्च मात्र भरपूर. पाइनच्या सुया, पाइन बार्क, लाकडाचे तुकडे, तीन-चार इंच, बुंध्याला न टेकवता. तुझ्याकडे पाइनचं झाड आहे, सुया गोळा करायचं काम मुलांना दे. आणि नवीन थर घालायच्या आधी खाली गेल्या वर्षीची सुरकुतलेली, टणक, करड्या रंगाची फळं पडलेली दिसली तर वेचून कचऱ्यात टाक, कंपोस्टमध्ये नको, त्यात एक बुरशी हिवाळाभर झोपून असते आणि डोळे उघडताना जागी होऊन कोवळ्या फुटव्यांवर जाते, वर दोन इंच नवीन मल्च पडलं की तिला डोकं वर काढता येत नाही.

पाणी आठवड्याला इंच-दोन इंच, पाऊस धरून. नळाचं पाणी जड असेल तर पावसाचं पिंप लाव.

फुलं आपल्याकडे एप्रिलच्या शेवटाला ते मेच्या सुरुवातीला येतात आणि तेव्हा एखादी थंड रात्र हमखास पडते. उमललेलं फूल साधारण उणे २ अंशांना, म्हणजे २८ फॅरनहाइटला मरतं. फोरकास्ट बघून संध्याकाळीच जुन्या चादरी टाकायच्या, सकाळी काढायच्या. त्या दिवसांत झाडावर कुठलंही कीटकनाशक नाही, लॉनवाल्यालाही सांगून ठेव. ब्लूबेरीचं फूल उलट्या घंटेसारखं असतं, त्यातला परागकण सहज सुटत नाही, गुबगुबीत केसाळ बंबलबी फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवते तेव्हा तो झडतो, मधमाशीला ते जमत नाही. ड्यूक आणि ब्लूक्रॉप दोन्ही आहेत हे उत्तम, एका जातीचा पराग दुसरीला मिळाला की फळ मोठं होतं, तेव्हा चारही झाडं एका भागात आली तर आणखी चांगलं. फळं निळी पडायला लागली की जाळी, रॉबिन आणि कॅटबर्ड तुझ्या आधी उठतात.

झाडं काढू की ठेवू, या प्रश्नावर आता येते. काढण्यात चूक काही नाही गं, झाडं आहेत ती, घरात शांतता नसेल तर चार झुडपांसाठी भांडण कशाला. पण तू पत्रात कुठेही म्हटलं नाहीस की तुला ती नकोत. तू म्हटलंयस नवऱ्याला नकोत आणि बाबांना बदलायचीयत. भिंतीजवळची दोन हलवली की नवऱ्याला हवी ती जागा मोकळी होतेच, तिथे शेड येऊ दे. आणि नीट ठेवलेलं झाड चाळीस वर्षंही फळ देतं, तुझं आत्ता कुठे भरात येणार आहे, पूर्ण पीक साताठ वर्षांनी येतं, ते तू अजून बघितलेलंच नाहीस. एक वर्ष दे, असं माझं मत. पुढच्या मार्चपर्यंत भिंतीजवळून हलवलेल्यांची नवी पानं हिरवी आली नाहीत तर तेव्हा काढ, मनाला लागणार नाही.

बाबांसाठी कामं भरपूर आहेत आणि खोटी खोटी नाहीत. फुलाच्या वेळी चादरींची जबाबदारी, जाळीचा सांगाडा उभा करणं (मांडव घालणाऱ्या माणसाला हे काय अवघड), उन्हाळ्याच्या शेवटी कुठला दांडा पुढच्या मार्चला कापायचा त्याला सुतळी बांधून ठेवणं, कारण मार्चमध्ये ते इथे नसतात. शेणखत त्यांना घालायचंच असेल तर वांगी-मिरच्यांचा एक वाफा त्यांचा, तिथे राखही थोडी चालेल. आणि जूनच्या शेवटी एका सकाळी त्यांना व्हाइट्सबॉगला घेऊन जा, गाव अजून आहे, एलिझाबेथ बाईंचं घर आहे, वाळूतली झाडं आहेत. त्या वाळूत हात घालून बघू दे त्यांना. तीस वर्षं जमीन हाताळलेल्या माणसाला त्या मुठीतून जे कळेल ते मी इथे कितीही लिहिलं तरी नाही सांगू शकत. परत येताना हॅमंटनकडे वळलात तर स्वतः तोडून घ्यायच्या बागा आहेत, एक बादली भरून आणा.

गेल्या वर्षीचं त्यांना काय सांगायचं? खरं तेच. "बाबा, फळं ट्रिमरमुळे गेली, तुमच्यामुळे नाही, आणि पिवळेपणाचं मुख्य कारण भिंत होती, राखेने थोडी भर घातली." एवढंच, एका दमात, चहा पिताना. वर्षभर घरात त्यांच्या मागे बोललं गेलंय आणि ते कानावर गेलं नसेल असं समजू नकोस, वडिलांना फोनवरच्या आवाजावरूनही कळतं. म्हणून हे वाक्य नवऱ्यासमोर आणि मुलांसमोर बोल.

इतर वाचकांसाठी दोन ओळी, कारण पुण्या-नाशिकहूनही विचारतात. ड्यूक, ब्लूक्रॉप या उत्तरेकडच्या जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालचे साधारण ८०० ते १००० तास लागतात, ते तिकडे पुण्या-नाशिकला मिळत नाहीत, झाड जगेल पण फुलणार नाही. कमी थंडीत येणाऱ्या सदर्न हायबुश जाती वेगळ्या, त्याच बघा, आणि काळ्या जमिनीत नको, कुंडीतच लावा. कॅलिफोर्नियातल्यांनाही त्याच जाती, तिथे नळाच्या पाण्याचा पीएच आधी बघा.

आणि हो, लॉनवाल्याला फोन आजच कर. ते दाणे काय आहेत ते विचार, आणि चुना असेल तर कुंपणापासून दहा फूट लांब राहा म्हणून स्पष्ट सांग, वसंतातली पहिली फेरी ते बरेचदा मार्चअखेरीलाच मारतात.